हिराकशीचे बेट

तिळाहून लहान असे ते छिद्र होते.

भिंगाखाली त्याची कड उजळून दिसे: आत कोळशासारखी काळी, मग तपकिरी, मग तांबूस, आणि सर्वांत बाहेर जुन्या हस्तिदंतासारखी पिवळसर. छिद्रातून टेबलाची पांढरी काच दिसत होती. छिद्राभोवती, दोन्ही हातांच्या कवेत न मावणारा, महासागर पसरला होता.

भाद्रपद उतरणीला लागला होता. खाडीच्या मुखावरचा उजेड शिंपल्याच्या आतल्या रंगाचा झाला होता. पाण्याचा गढूळपणा तळाशी बसू लागला होता. बंदरावरची जुनी कस्टम कचेरी आता एक लहानसे सागर-संग्रहालय होती. तिच्या उत्तरेकडच्या खिडकीतून तो उजेड आत येई आणि कागदावर हात टेकल्यासारखा थांबे.

हेमांगी तारी त्या उजेडात वाकून बसली होती. रसायनशास्त्र शिकलेली, मितभाषी, घाटावरून या किनाऱ्यावर सून म्हणून आलेली. जुने कागद जगवणे हे तिचे काम. कसरीने कोरलेले, मिठाने खाल्लेले, ओलीने कुजवलेले कागद तिच्यापुढे येत. ती त्यांना धुई, सांधी, सुकवी. कागदांशी बोलावे लागत नाही. कागद खोटे सांत्वन मागत नाहीत.

हा कागद पृथ्वीप्रदक्षिणेचा होता. अडीच शतकांपूर्वी उत्तरेकडच्या एका थंड देशाच्या आरमाराने शत्रूची रुप्याने भरलेली जहाजे लुटण्यासाठी एक ताफा धाडला. ताफा गेला शिडांच्या शुभ्र गर्जनेत, तोफांच्या सलामीत, राजाच्या आशीर्वादात. परतले एकच जहाज. त्या जहाजाच्या कप्तानाने हा समुद्र स्वहस्ते रेखला होता.

आणि किती सुंदर रेखला होता! चारी कोपऱ्यांत गाल फुगवून वारा फुंकणारी गुबगुबीत बाळे. शीर्षकाभोवती शंख, शिंपले, फळांनी ओथंबलेल्या परड्या. किनाऱ्यांना सोनेरी झालर. आणि सगळ्या निळाईतून वळत, वाकत, पुन्हा घरी येणारी ठिपक्यांची एक नाजूक ओळ: जहाजाची वाट.

वाटेवरच्या प्रत्येक ठिपक्याला कुणी तरी मेले होते. नकाशात खडकाला चिन्ह असते, वाळूला असते, नांगर टाकण्याच्या जागेला असते. मेलेल्यांना चिन्ह नसते. त्यांच्यावरून समुद्र सारखा निळा रंगवतात.

दक्षिण खंडाच्या टोकाखाली, जिथे पाणी पृथ्वीला अडथळ्याविना प्रदक्षिणा घालते, तिथे ते छिद्र होते. पूर्वी तिथे एक बेट होते.

त्या बेटाची कथा तिला संग्रहालयाच्या प्रमुखांनी सांगितली होती. कमांडर बिवलकर. उभा जन्म आरमारात समुद्राची खोली मोजण्यात गेलेला माणूस. अजूनही पायऱ्या उतरताना गलबत हलत असल्यासारखे पाय टाकणारा.

त्या काळी, ते म्हणाले होते, समुद्रात आपण किती पश्चिमेला आलो हे कुणालाच नेमके कळत नसे. गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडायची, वाळूचे घड्याळ उलटायचे, वेग मोजायचा आणि अंदाजाने कागदावर टाचणी टोचायची. कप्तान टाचण्या टोचत पश्चिमेला चालला होता. पण पाण्याखालचा प्रवाह त्याला पूर्वेला ओढत होता. रोज पुढे गेल्याची खूण, रोज तिथेच. वारा अंगावर, शिडे भरलेली, फेस पुढच्या नाळेवर उसळणारा, आणि जहाज जागच्या जागी.

मग ताज्या फळांभाज्यांवाचून होणारा रोग आला. हिरड्या सुजून काळ्या पडल्या, दात गळाले. तरुण खलाशांच्या अंगावरच्या जुन्या, केव्हाच भरून आलेल्या जखमा आपसूक उघडल्या. जुळलेली हाडे पुन्हा निखळली. शरीर काहीच विसरलेले नसते. त्याने फक्त सांधून ठेवलेले असते, आणि सांधणारे द्रव्य संपले की सारे पूर्ववत होते. हेमांगीने हे ऐकताना मान वर केली नव्हती.

अशा एका पहाटे क्षितिजावर काळी, दातेरी रेघ उमटली. जमीन! झोळीतले रोगी माना उचलून बघू लागले. कप्तानाने दौत मागवली. त्याने बेट काढले, त्याच्या कडा पिसासारख्या रेघांनी सजवल्या, त्याला राणीचे नाव दिले. दुसऱ्या पहाटे तिथे धुके होते. तिसऱ्या पहाटे धुकेही नव्हते.

"त्याला कळलं होतं?" तिने विचारले होते.

"कप्तान होता तो. कळलं नसेल?"

"मग पुसलं का नाही?"

बिवलकर हसले होते. "ताई, खाली माणसं त्या बेटाच्या नावानं पाणी पीत होती. पुसणार कसं? आणि पुढच्यांनी तरी कुठे पुसलं? तुम्हाला आमच्या धंद्यातली मेख सांगतो. खोटं बेट नकाशात राहिलं, तर काय होतं? जहाजं वळसा घालतात. दोन दिवस जास्त लागतात. पण खरं बेट कुणी चुकून पुसलं, तर जहाज फुटतं. म्हणून कुणी पुसत नाही. शेजारी बारीक अक्षरांत लिहितात, 'अस्तित्व संशयित', आणि सगळे वळसे घालत राहतात. शंभर-शंभर वर्षं."

"आणि शेवटी कोण पुसतं?"

"जो तिथं जातो. शिशाचा गोळा बांधून दोरी सोडतो. दोरी संपते, तळ लागत नाही. मग 'बेट नाही' म्हणून सही करतो." ते खाडीकडे वळले. "कुणाला नको असते ती सही."

शाईचे तिला माहीत होते. हिराकस नावाचा लोखंडी क्षार, मायफळ, डिंक, पाणी: जुनी, काळीभोर, न पुसणारी शाई. ओलीसुकी होता होता तीच आम्ल होते. जिथे रेघ पातळ, तिथे कागद तपकिरी पडतो. जिथे शाई दाट, तिथे जळतो. कप्तानाने ते बेट हात दाबून, पुनःपुन्हा गिरवून काढले असावे. साऱ्या नकाशात तेवढीच शाई दाट होती. खरे किनारे शाबूत राहिले होते. नसलेल्या बेटाने मात्र आपल्यापुरता समुद्र खाऊन टाकला होता.

हेमांगी भिंग बाजूला ठेवी, डोळे मिटी. मिटल्या डोळ्यांतही ते छिद्र दिसे. पण तिथे त्याचा रंग कुंकवाचा असे.

कारण एक बेट तिनेही काढले होते.

रघुवीर तारी, तिचा नवरा, मालवाहू जहाजावर अधिकारी होता. त्याच दक्षिण समुद्रात, त्याच टोकाखाली, एका वादळाने त्याचे जहाज गिळले. एक जीवनौका सापडली, रिकामी. तिच्या तळाशी पावसाचे पाणी साचले होते, आणि त्या पाण्यात, कुणी तरी सांगितले, आभाळ स्वच्छ दिसत होते. दुसरे काहीही सापडले नाही. त्या पाण्यात माणूस किती वेळ तग धरतो, हे तिला पाठ्यपुस्तकातून ठाऊक होते. पाण्याला कणव नसते. त्याला फक्त तापमान असते.

तिची सासू द्रौपदी तेव्हा जेवायची थांबली. पेजेची वाटी ओठांशी नेली की ओठ मिटत. दिवसामागून दिवस ती म्हातारी जमिनीवर, भिंतीकडे तोंड करून, वाळत पडलेल्या जाळ्यासारखी पडून राहिली. एका दुपारी हेमांगीने रघूचा शाळेतला नकाशासंग्रह फडताळातून काढला, तिच्यापुढे उघडला, आणि निळ्या पानावरच्या एका ठिपक्यावर नख टेकवले. तो ठिपका काय होता, छपाईचा डाग की कागदातला कण, हेही तिने पाहिले नव्हते.

"हे बघा, आई. इथं बेट आहे. आणि ते पोहणारे आहेत."

म्हातारीने ठिपक्याकडे पाहिले. मग वाटीकडे. मग पेज प्यायली.

तेवढेच होते ते. एक नख, एक ठिपका, एक वाटी पेज. दयेचा एवढासा थेंब. त्यात आम्ल आहे हे हेमांगीला, रसायनशास्त्र शिकलेल्या हेमांगीला, तेव्हा कळले नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारीने आंघोळ करून त्या ठिपक्याला कुंकू लावले. मग रोज लावू लागली. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडताना ती मोठ्याने सांगे, "ह्यो त्या बेटार जाऊंदे." गावातल्या बायका डोळे टिपत, आणि हेमांगीकडे बघून म्हणत, बाईची पुण्याई. हिरव्या बांगड्या तिच्या मनगटावर होत्या, कपाळी कुंकू होते, हळदीकुंकवाला पहिला मान होता. आणि रडायला बंदी होती.

हो, बंदीच. पहिल्या वर्षी एकदा चुलीपुढे तिचे डोळे भरले, तेव्हा म्हातारीने हातातला डाव खाली ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाली, "जित्या माणसासाठी रडतत काय गो? अपशकून करतंस माझ्या झिलाक?"

त्या दिवसापासून ते पाणी आतच राहिले. तिने ते धुराच्या नावावर खपवले नाही, कांद्याच्या नावावर खपवले नाही. ते बाहेर आलेच नाही. वर्षे गेली. वारा अंगावर, शिडे भरलेली, आणि ती जागच्या जागी. जिवंतांच्या पंगतीत रघूचे ताट नव्हते. पितृपक्षातल्या केळीच्या पानांत रघूचे पान नव्हते. साऱ्या घराने त्या ठिपक्याला वळसा घातला होता. माणसे वळसा घालून बोलत, वळसा घालून हसत, वळसा घालून निजत.

म्हातारी धष्टपुष्ट झाली होती. आशेने तिचे गाल भरले होते. हेमांगी आरशात बघे तेव्हा तिला डोळ्यांभोवती ती वलये दिसत: तपकिरी, तांबूस, हस्तिदंती.

सर्वपित्री अमावास्येच्या दोन दिवस आधी तिने नकाशातले छिद्र बुजवले. जाईच्या पाकळीसारखा तलम कागद, गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ, मऊ कुंचल्याचा एक श्वासभर स्पर्श. जळक्या कडा तिने आधीच चुन्याच्या निवळीने शांत केल्या होत्या. तो पांढरा तुकडा तिने समुद्राच्या निळाईत हळूहळू विरवत नेला.

बिवलकर मागे येऊन उभे राहिले. "वा. आता तेवढं बेट काढा म्हणजे झालं. लोक तेच बघायला येतील."

"नाही काढणार."

"अहो, गोष्टच त्या बेटाची आहे!"

"गोष्ट तुम्ही सांगा," ती म्हणाली. "कागदाला आता सोसणार नाही."

त्यांनी तिच्याकडे पाहिले. मग कधी नव्हे ते टोपी काढली, आणि गेले.

अमावास्येच्या आदल्या सकाळी मनोहर आला. रघूचा चुलतभाऊ, स्वतःची होडी असलेला, अंगाला डिझेलचा आणि बांगडा मासळीचा वास, ओठांवर नेहमीची थट्टा. उंबऱ्याशी वहाणा काढता काढता त्याने आवाज दिला, "वैनी, तुझ्या त्या म्युझियमात माका पण ठेव गे एका कपाटात. मी आता पुराणवस्तूच."

"तुका ठेवूक मीठ खंयसून आणतली ती?" म्हातारी माजघरातून म्हणाली. "येवढ्या अंगाक मिठागर पुरूचा नाय."

तो हसला. मग हसू मावळले, आणि दर वर्षी या सकाळी येणारे ते वाक्य त्याच्या जिभेवर आले. त्याने ते जमिनीकडे बघत सांगितले. "काकी, भटजी इचारतत. यंदा तरी पळसाचा करून घेवया."

पळसाचे. समुद्राने ज्याचे शरीर परत दिले नाही, त्याच्यासाठी या किनाऱ्यावर पळसाच्या पानांचे शरीर रचतात. पानांची छाती, पानांचे हात, नारळाचे मस्तक. मग त्या पानांच्या माणसाला अग्नी देतात. तो धूर वर गेला की बायका रडतात. तेव्हा त्यांना कुणी अडवत नाही.

"तुझ्या तोंडात काय किडे पडले सकाळी सकाळी?" म्हातारी बाहेर आली होती. पाठीत वाकलेली, पण मान ताठ. "माझो झील खंय असतलो थंय सुखात असतलो. हेमान दाखवल्यान माका. इचार तिका."

मनोहरने हेमांगीकडे पाहिले. दर वर्षी तो असाच पाही, आणि दर वर्षी ती पदर सावरून आत जाई. वळसा.

यंदाही ती वळली. पण म्हातारीने तिची वाट अडवली. तिच्या हातात तो नकाशासंग्रह होता. बांधणी सुटलेला, वर्षांच्या तेलातुपाने मळलेला. तिने ते निळे पान उघडले. ठिपक्याच्या जागी कुंकवाचा थर साचून वाळला होता, आणि त्या थराखाली, रोजच्या बोटाखाली झिजत झिजत, कागद फाटला होता. म्हातारीने पानाखालून बोट घातले. ते वर निघाले: सुरकुतलेले, लाल नखाचे, निळ्या समुद्रातून वर आलेले एक बोट.

"हा बघ काय झाला," ती म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता. "तू लोकांचे कागद सांधतंस मां? माझो ह्यो सांधून दी. आणि ता बेट परत काढ. तुझ्याच हातान काढ. तुझा बेट आसा ता."

अंगणातून उजेड आत आला होता, धुतलेला, निर्दय, प्रत्येक कण दाखवणारा. हेमांगीने ते पान हातात घेतले. सवयीने तिच्या बोटांनी कड चाचपली. कड मऊ होती, तंतू सुटे होते, कागद अजून जिवंत होता. सांधता आला असता. पाकळीएवढा तलम कागद, थेंबभर खळ, आणि पेनाचा एक ठिपका. एका क्षणाचे काम. मग म्हातारी कुंकू लावेल, नारळ सोडेल, गालांत हसेल, आणि एके दिवशी मुलगा जिवंत असलेली आई म्हणून मरेल. आणि ती स्वतः? ती त्या ठिपक्याभोवती फिरत राहील, बांगड्या वाजवत, कोरड्या डोळ्यांनी.

तिला झोळीतले ते खलाशी दिसले. माना उचललेले, सुजल्या ओठांनी हसणारे, धुक्याच्या बेटाला हात करणारे. त्यांना शेवटचे दिवस गोड गेले. कप्तानाचे कसे गेले, हे कुणी लिहिले नव्हते.

तिने छिद्रातून पाहिले. पलीकडे म्हातारीचा चेहरा होता. वाट पाहणारा, विश्वासाने वर केलेला, पेजेच्या वाटीकडे वळला होता तसाच. आणि त्या चेहऱ्याच्या तळाशी, डोळ्यांच्या अगदी कोपऱ्यात, हेमांगीला आज काही तरी वेगळे दिसले. भीती. विचारले जाण्याची नव्हे, उत्तर मिळण्याची. तिथवर गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरच ती असते. म्हातारी तिथे जाऊन आली होती. दोरी सोडून आली होती. तळ लागत नाही हे तिलाही कधीचे कळले होते. सही तेवढी नको होती.

दोघी वर्षानुवर्षे एकमेकींसाठी एकच खोटे बेट जपत होत्या, आणि ते बेट दोघींनाही खात होते.

हेमांगीने पान मिटले. नकाशासंग्रह भिंतीशी ठेवला. या घरात ती नेहमी आपल्या घाटावरच्या शुद्ध, शाळेतल्या मराठीत बोलत आली होती. ते खोटे तिने त्याच भाषेत सांगितले होते. आज तिने म्हातारीचे दोन्ही हात हातात घेतले, आणि शब्द म्हातारीच्या घरातूनच उचलले.

"आये, थंय बेट नाय."

म्हातारीने तिची बोटे घट्ट धरली. लाल कुंकू दोघींच्या तळव्यांना लागले. अंगणात, शेजारच्या कौलावर, उद्याच्या पानांची वाट बघणारा एक कावळा पंख झटकून बसला.

"कधीच नाय होता. मीच काढलेलंय. रघू गेलो, आये. त्याच दिवशी गेलो."

म्हातारीचे कपाळ हळूहळू हेमांगीच्या खांद्याकडे झुकत आले, आणि टेकले. जडपणे, दोरीच्या टोकाशी बांधलेल्या शिशासारखे. बांगड्यांचा किणकिणाट एकदाच झाला. बाहेर ओहोटी लागली होती. खाडीचे पाणी दर्याकडे चालले होते, तळ उघडा करत, खडक उघडे करत, चिखलात रुतलेल्या जुन्या नांगरांची हाडे उघडी करत.

तिने मान वळवली. उंबऱ्यात मनोहर उभा होता, हातात वहाणा तशाच धरून. तिचे डोळे भरून आले होते, काठोकाठ. आज ते अडवायला कुणी नव्हते.

"पळसाची पानां आणा, भावजी," ती म्हणाली. "अग्नी मी देतलंय."